सोलापूरच्या उन्हात गाडीच्या इंजिनासाठी कोणत्या ग्रेडचे ऑइल घ्यावे?

एप्रिल उजाडला की सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि त्या सुमारास गाडीची सर्व्हिसिंग करून घेणाऱ्याला गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो: "सर, आपल्याकडचं ऊन बघताय न्हवं? पातळ ऑइल पाण्यावानी हुतंय. जाडच टाकू." सल्ला देणारा मेस्त्री बहुधा प्रामाणिक असतो. ज्या इंजिनांवर त्याने हात बसवला, त्यांना २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० हेच ऑइल लागत असे आणि ती इंजिने त्यावर वर्षानुवर्षे चालली. मात्र आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक गाड्यांची इंजिने त्या जातीची राहिलेली नाहीत, आणि बाहेरच्या उन्हावरून आतल्या ऑइलचा जाडपणा ठरवण्याची पद्धत मुळातच चुकीच्या टोकापासून सुरू होते. ऑइल निवडताना आधी इंजिनाच्या आतल्या फटी आणि आतली उष्णता पाहायची असते. सोलापूरचे ऊन त्यानंतर, आणि तेही मर्यादित प्रमाणात, हिशेबात येते.

डब्यावरचे आकडे काय सांगतात

ऑइलच्या ज्या गुणधर्माला गॅरेजमध्ये जाडपणा म्हणतात, त्याला शास्त्रीय मराठीत श्यानता असा शब्द आहे. पुष्कळ ठिकाणी त्याला घनता म्हटले जाते, पण ते बरोबर नाही, कारण घनता म्हणजे ठरावीक आकारमानातले वस्तुमान, तर श्यानता म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध. थंडीच्या दिवसांत सकाळी काकवीची बरणी कलती केली तर काकवी किती आळसाने पुढे सरकते आणि तीच जरा गरम केल्यावर कशी भरभर धार धरते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ऑइलचे निम्मे गणित समजले आहे. ऑइलही थंड असताना दाट आणि गरम झाल्यावर पातळ होते. प्रश्न इतकाच असतो, की ते किती दाट आणि किती पातळ होते.

याचे मोजमाप एसएई या अमेरिकी वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० या मानकात ठरवून दिलेले आहे. ५डब्ल्यू-३० या खुणेतला 'डब्ल्यू' हा विंटर, म्हणजे हिवाळा या शब्दाचा आहे. तो वजनाचा नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिन सुरू होताना ऑइल कसे वागेल ते सांगतो आणि नंतरचा आकडा इंजिन पूर्ण तापल्यावर त्याचा जाडपणा किती उरेल ते सांगतो. दोन्ही आकडे म्हणजे प्रत्यक्ष मोजमाप नव्हे, ती गटांची नावे आहेत. ५डब्ल्यू गटातल्या ऑइलची थंड चाचणी उणे ३० अंश सेल्सिअसला, १५डब्ल्यूची उणे २० अंशांना आणि २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना घेतात, आणि त्या तापमानाला स्टार्टर इंजिन फिरवू शकेल इतपत ते पातळ राहिले पाहिजे अशी अट असते. दुसऱ्या आकड्यासाठी १०० अंशांना श्यानता मोजतात: २० ग्रेडसाठी ती ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (श्यानतेचे एकक), ३० साठी ९.३ ते १२.५, ४० साठी १२.५ ते १६.३ आणि ५० साठी १६.३ ते २१.९ या टप्प्यात असावी लागते. खोलीच्या तापमानाला पाण्याची श्यानता साधारण १ सेंटिस्टोक असते, एवढे लक्षात ठेवले की या आकड्यांना अर्थ येतो.

या आकड्यांवरून "पाण्यावानी" या शब्दाची पारख करता येते. एखादे नेहमीचे ५डब्ल्यू-३० ऑइल १०० अंशांना सुमारे साडेदहा सेंटिस्टोक असते. समजा उन्हाळ्यात, भरलेली गाडी वेगाने चालवताना ते १२० अंशांपर्यंत तापले, तरी ते सुमारे ७ सेंटिस्टोक राहते. म्हणजे त्या अवस्थेतही ते साध्या पाण्याच्या सातपट दाट असते, आणि ज्या इंजिनासाठी ते ठरवलेले आहे त्या इंजिनाच्या बेअरिंगमध्ये पुरेसा थर धरून ठेवते.

इंजिनाच्या दृष्टीने मे महिनाही थंडच

या विषयातला जो मुद्दा सर्वांत कमी बोलला जातो, तो हा आहे. आपल्या लेखी ४० अंश म्हणजे भट्टी; इंजिनाच्या लेखी ४० अंश म्हणजे थंड सुरुवात. वर उल्लेखलेले ५डब्ल्यू-३० ऑइल ४० अंशांना सुमारे ६२ सेंटिस्टोक असते, म्हणजे कामाच्या तापमानाच्या जवळजवळ सहापट दाट. मे महिन्यात भर दुपारी होटगी रोडवर सावली नसलेल्या जागी उभी केलेली गाडी आपण चालू करतो, तेव्हा आसनाला हात लावता येत नाही, तरीही चेंबरमधले, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भागातले, ऑइल इंजिनाला हवे त्यापेक्षा कितीतरी घट्ट असते. पहिल्या काही सेकंदांत ते वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत, टॅपेटपर्यंत आणि टर्बो असल्यास त्याच्या बेअरिंगपर्यंत पोहोचायला हवे.

आता जानेवारीतली पहाट घ्या. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सोलापुरात पहाटेचे तापमान साधारण १२ ते १५ अंशांपर्यंत उतरते. आपण सोयीसाठी २० अंश धरू. या तापमानाला ५डब्ल्यू-३० सुमारे १५५ सेंटिस्टोक असते, तर नेहमीचे २०डब्ल्यू-५० सुमारे ५४५. साडेतीन पटींचा हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. अशाच एका सकाळी मी दोन्ही ऑइलच्या अर्धवट उरलेल्या बाटल्या रात्रभर अंगणात ठेवल्या आणि सकाळी एकाच वेळी आडव्या केल्या. एकीतले ऑइल बाटलीच्या तोंडाशी येऊन थांबले, तेव्हा दुसरीतले अजून बाटलीच्या खांद्यालाच चिकटून होते.

हा प्रयोग करण्याचे कारण माझ्याच गाडीत घडले होते. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलेले असताना एका गॅरेजमध्ये पिंपातले सुटे जाड ऑइल भरले गेले. मीही विचारले नाही. डिसेंबर लागताच रोज सकाळी गाडी सुरू केल्यावर चार-पाच सेकंद टॅपेटची टकटक ऐकू येऊ लागली आणि स्टार्टर ओढून फिरल्यासारखा वाटू लागला. ऑइल आणि फिल्टर बदलून पुस्तिकेतला ग्रेड घातल्यावर दुसऱ्याच दिवशी टकटक थांबली. तेवढ्या काळात किती झीज झाली असेल हे इंजिन उघडल्याशिवाय सांगता येत नाही, आणि ते उघडण्याची वेळ आली नाही हे माझे नशीब.

जाड ऑइलमुळे नेमके काय बिघडते, हे समजून घेतल्यास पुढची निवड सोपी जाते. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतकी, म्हणजे केसाच्या जाडीहूनही बहुधा कमी असते, आणि त्या फटीतून ठरावीक वेळात ठरावीक ऑइल वाहिले तरच बेअरिंग थंड राहते. ऑइल गरजेपेक्षा जाड असेल तर पंपाचा दाब वाढतो, पण दाब वाढणे म्हणजे प्रवाह वाढणे नव्हे. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि बेअरिंगकडे जाऊ शकणारे ऑइल पुन्हा चेंबरमध्ये परत येते. थंड, दाट ऑइल फिल्टरच्या कागदातून नीट जात नाही, तेव्हा फिल्टरचा बायपास उघडतो आणि न गाळलेले ऑइल पुढे जाते. शिवाय दाट ऑइल घुसळण्यात जी शक्ती खर्च होते तिची उष्णता होते, म्हणून "जाड ऑइल इंजिन थंड ठेवते" ही समजूत बरीचशी उलटी आहे. ज्या गाड्यांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते, तिथे तर बारीक जाळीच्या मार्गांतून ऑइल झटपट ये-जा करणे हाच त्या यंत्रणेचा प्राण असतो.

मग बाहेरच्या उन्हाचा काहीच परिणाम होत नाही का? होतो, पण त्याला लगाम असतो. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, रेडिएटर आणि पंखा कूलंटला त्या आसपास राखतात, आणि त्यामुळे ऑइलचे तापमानही एका पट्ट्यात राहते. मात्र बऱ्याच छोट्या गाड्यांत ऑइल थंड करणारी वेगळी सोय नसते, म्हणून ४३ अंशांच्या दुपारी पाच माणसे, सामान आणि एसी यांच्यासह ताशी शंभराच्या वेगाने तास-दोन तास चालल्यावर ऑइल हिवाळ्यापेक्षा काही अंशांनी जास्त तापते. निवडीत उन्हाला जागा आहे ती एवढीच, आणि ती कुठे द्यायची ते पुढे येईल.

पहिली पायरी: पुस्तिका उघडावी

गाडीसोबत आलेली मालकाची पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात विम्याच्या कागदांखाली सापडते. ती नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलची, त्याच इंजिनाची आणि त्याच वर्षाची पुस्तिका उतरवून घ्यावी. बऱ्याच गाड्यांत बोनेट उघडल्यावर ऑइलच्या झाकणावरही ग्रेड कोरलेला असतो.

पुस्तिकेतले पान वाचताना तीन गोष्टी वेगवेगळ्या टिपून घ्याव्यात. शिफारस केलेला ग्रेड कोणता, त्याऐवजी चालणारे पर्यायी ग्रेड कोणते, आणि ग्रेडसोबत कोणते मानक लिहिले आहे. काही पुस्तिकांत बाहेरच्या तापमानाचा आडवा पट्टा काढून त्यावर कोणता ग्रेड कुठून कुठपर्यंत चालतो, ते दाखवलेले असते. असा पट्टा असेल तर सोलापूरसाठी साधारण १० ते ४५ अंशांचा भाग पाहावा. तिथे बहुधा दोन-तीन ग्रेड एकाच वेळी बसतात, आणि ऋतूप्रमाणे ऑइल बदलण्याची गरज आपल्याकडे पडत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. त्याच इंजिनासाठी परदेशातल्या पुस्तिकेत वेगळा ग्रेड असू शकतो. इंधन-बचतीचे नियम, तिथले हवामान आणि तिथे मिळणाऱ्या इंधनाची प्रत यांनुसार कंपन्या शिफारस बदलतात, म्हणून भारतीय बाजारासाठी छापलेली पुस्तिकाच ग्राह्य धरावी. "कंपनी मायलेज दाखवण्यासाठी पातळ ऑइल सांगते" असेही ऐकू येते. त्यात तथ्याचा अंश आहे, पण अर्धाच. ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० साठी बांधलेल्या इंजिनात बेअरिंगच्या फटी, पंपाची क्षमता आणि धातूवरचे लेप त्या ऑइलला धरूनच योजलेले असतात.

दुसरी पायरी: आपली गाडी प्रत्यक्षात कशी चालते

एकच गाडी सोलापुरातल्या दोन घरांत दोन प्रकारचे आयुष्य जगते. एक गाडी जुळे सोलापुरातून निघून सात रस्त्यापर्यंत जाते, तिथे थांबते, तासाभराने परत येते. दिवसाला सहा-आठ किलोमीटर, तेही गर्दीतून. दुसरी दर आठवड्याला राष्ट्रीय महामार्ग ६५ वरून पुण्याला, म्हणजे सुमारे २५० किलोमीटर एका दमात, आणि वर्षातून काही वेळा उन्हाळ्याच्या सुट्टीत हैदराबादकडे.

आपल्याला वाटते की पहिल्या गाडीला काहीच ताण नाही. वास्तविक ऑइलच्या दृष्टीने तिचे जगणे अधिक कठीण असते. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, जळणातून तयार झालेली वाफ आणि न जळालेले पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत राहते आणि ते बाहेर पडण्याइतका वेळच मिळत नाही. अशा गाडीसाठी डब्ल्यूच्या आधीचा आकडा महत्त्वाचा ठरतो, कारण तिच्या आयुष्यात थंड सुरुवातीच अधिक. यादीत ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू असेल तर तेच घ्यावे आणि किलोमीटर कमी झाले तरी मुदत संपताच ऑइल बदलावे. दुसऱ्या गाडीसाठी डब्ल्यूनंतरचा आकडा अधिक महत्त्वाचा, कारण तिचा बहुतेक वेळ पूर्ण तापलेल्या अवस्थेत आणि उच्च वेगात जातो. तुळजापूरचा घाट भरलेल्या गाडीने वारंवार चढणे, ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडणे, काळ्या मातीच्या धुळीतून शेतापर्यंत जाणे, हे सगळे पुस्तिकेत 'कठीण वापर' या सदरात मोडते. तिथे ऑइल बदलण्याचे अंतर कमी करायला सांगितलेले असते, आणि तो उपाय ग्रेड चढवण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच अधिक कामाचा ठरतो.

तिसरी पायरी: यादीच्या आतून निवड

यादीत एकच ग्रेड असेल तर निवडण्यासारखे काही उरत नाही. तोच घ्यावा, विशेषतः वॉरंटी चालू असताना. यादीत दोन ग्रेड असतील, उदाहरणार्थ ०डब्ल्यू-२० पसंतीचा आणि ५डब्ल्यू-३० चालणारा, तर शहरात फिरणाऱ्या गाडीला पहिला आणि उन्हाळ्यात महामार्गावर भरून धावणाऱ्या गाडीला दुसरा, असे माझे मत आहे. सोलापूरच्या उन्हाला द्यायची जागा ती हीच: कंपनीने परवानगी दिलेल्या यादीत एक पायरी वर. यादीच्या बाहेर नाही.

जुन्या धाटणीच्या पेट्रोल किंवा डिझेल इंजिनांच्या यादीत ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० असे तीन-चार ग्रेड एकत्र सापडतात. आपल्या हवामानात १५डब्ल्यूला काहीही अडचण येत नाही, कारण त्याची थंडीतली मर्यादा आपण कधी गाठतच नाही. तरीही पैशांचा फरक फार नसेल तर नंतरचा आकडा तोच ठेवून डब्ल्यूच्या आधीचा लहान आकडा घेणे शहाणपणाचे. तापल्यावरचा जाडपणा तोच राहतो आणि सकाळची सुरुवात सुधारते. लहान डब्ल्यूची ऑइल बहुतेक सिंथेटिक असतात, त्यामुळे उष्णतेत ती उशिरा खराब होतात, हा आणखी एक लाभ.

आता जो भाग डब्याच्या पुढच्या बाजूला छापलेला नसतो त्याकडे वळू. दोन डब्यांवर ५डब्ल्यू-३० लिहिलेले असले तरी आतले ऑइल सारखेच असेल असे नाही. १०० अंशांची चाचणी संथ वाहत्या ऑइलवर होते, पण बेअरिंगमध्ये आणि कॅमखाली ऑइल प्रचंड वेगाने घासले जाते. म्हणून १५० अंशांना, तशाच घर्षणाखाली आणखी एक मोजमाप घेतात, त्याला एचटीएचएस म्हणतात. जे३०० नुसार २० ग्रेडला ते किमान २.६, ३० ग्रेडला किमान २.९, ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५ आणि १५डब्ल्यू-४० ला किमान ३.७ मिलिपास्कल-सेकंद असावे लागते. परंतु युरोपीय एसीईए मानकातल्या सी३ गटात हे मूल्य किमान ३.५ असण्याची अट आहे, तर सी२ गटात किमान २.९ पुरते. म्हणजे सी३ लिहिलेले ५डब्ल्यू-३० हे तापलेल्या बेअरिंगमध्ये ४० ग्रेडच्या जवळपास वागते, तर इंधन-बचतीसाठी बनवलेले ५डब्ल्यू-३० बरेच पातळ वागते. ज्यांना जाड ऑइलची ओढ आहे, त्यांनी ग्रेड बदलण्याऐवजी आपल्या पुस्तिकेत सी३ किंवा ए३/बी४ (एसीईएचाच आणखी एक गट) चालते का ते पाहावे. ऑइलच्या तांत्रिक माहितीपत्रकात हा आकडा दिलेला असतो.

ज्या पुस्तिकेत फक्त ०डब्ल्यू-१६ लिहिले आहे त्या गाडीचे मालक सर्वाधिक घाबरतात. अशा पुस्तिकेत बहुतेकदा तळटीप असते, की ते ऑइल न मिळाल्यास अमुक ग्रेड वापरता येईल. ती तळटीप शोधावी. ती सापडली तर उत्तर मिळाले.

चौथी पायरी: ग्रेडशेजारचे मानक

ग्रेड जुळला पण मानक चुकले, तर निवड फसते. पेट्रोल गाड्यांसाठी एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या एस मालिकेतली अक्षरे पाहावीत: एसएन हे २०१० चे, एसपी हे २०२० चे आणि एसक्यू हे २०२५ चे. नंतरचे मानक आधीच्या जागी चालते, मात्र उलट चालत नाही. टर्बो आणि थेट इंधन-फवारणी असलेल्या पेट्रोल इंजिनांत कमी आरपीएमवर जोर देताना मिश्रण वेळेआधीच पेटण्याचा धोका असतो, आणि पिस्टन फुटण्याइतके नुकसान त्यातून होऊ शकते; एसपीमध्ये त्यासाठी वेगळी चाचणी आहे. म्हणून अशा गाडीत जुने एसएल किंवा एसएम ऑइल, ग्रेड बरोबर असला तरी, घालू नये.

डिझेलचे प्रकरण २०२० नंतर बदलले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आला. ऑइल जळून जी राख उरते ती या फिल्टरमध्ये अडकते आणि काजळीसारखी जाळून काढता येत नाही. त्यामुळे या गाड्यांना कमी राखेचे, पुस्तिकेत सांगितलेल्या एसीईए सी गटातले ऑइलच लागते. ट्रकच्या दुकानातून आणलेले, सीआय-४ या एपीआयच्या डिझेल मानकाचे १५डब्ल्यू-४० हे जुन्या डिझेल जीपला उत्तम, पण बीएस-६ डिझेल गाडीसाठी महागात पडणारे. याच गाड्यांत आणखी एक गोष्ट घडते. छोट्या फेऱ्यांत फिल्टर स्वच्छ करण्याची क्रिया अर्धवट राहते आणि जादा सोडलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते. ऑइल मोजण्याच्या पट्टीवर पातळी चढलेली दिसते आणि ऑइल पातळ होते. हे दिसल्यास जाड ऑइलचा विचार न करता पातळ झालेले ऑइल बदलावे आणि अधूनमधून गाडी तुळजापूरपर्यंत तरी नेऊन आणावी. जाऊन-येऊन ९० किलोमीटरची ती फेरी फिल्टरला पुरते.

सीएनजी गाडीचे ऑइल बराच काळ स्वच्छ, मधाच्या रंगाचे राहते आणि त्यावरून ते चांगले आहे असा समज होतो. सीएनजीत काजळी कमी, पण उष्णतेने आणि नायट्रोजनच्या संयुगांनी ऑइल आतून खराब होऊन दाट होत जाते. रंगावर जाऊ नये. ज्या थोड्या इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो, तिथे कंपनीच्या मंजुरीचा क्रमांक डब्यावर असल्याखेरीज ऑइल घेऊ नये. आणि मोटारसायकलचे ऑइल कारमध्ये घालू नये. त्याची रचना ओल्या, म्हणजे ऑइलमध्येच फिरणाऱ्या, क्लचसाठी असते.

जुनी, ऑइल पिणारी गाडी

दीड-दोन लाख किलोमीटर झालेली गाडी ऑइल पिऊ लागली, की पहिला सल्ला जाड ऑइलचाच येतो. येथे त्या सल्ल्यात काही अर्थ असतो, पण क्रम उलटा असतो. आधी गाडीखाली गळतीचे डाग आहेत का, सकाळी सुरू करताना निळा धूर येतो की उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना येतो, आणि इंजिनातली वाफ खेचून नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला आहे का, हे पाहावे. सकाळचाच धूर असेल तर बहुधा व्हॉल्व्ह सील कडक झालेले असतात. ते बदलणे रिंग-पिस्टनच्या कामापेक्षा कितीतरी स्वस्त. पीसीव्ही व्हॉल्व्ह तर बऱ्याच गाड्यांत काही मिनिटांत बदलतो आणि कधी कधी सगळा आजार तेवढ्यावर बरा होतो.

ही तपासणी झाल्यावर, आणि झीज खरीच आहे असे ठरल्यावर, एक पायरी वर जाण्यास हरकत नाही: ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-४०, किंवा १०डब्ल्यू-४० ऐवजी १५डब्ल्यू-५०. एकदम २०डब्ल्यू-५० वर उडी मारू नये. हजार किलोमीटरला किती ऑइल कमी होते ते ग्रेड बदलण्याआधी आणि नंतर लिहून ठेवावे. फरक दिसला नाही तर जाड ऑइलचे ओझे वाहण्यात अर्थ नाही. विकायच्या आधी आवाज दाबण्यासाठी जाड ऑइल भरण्याची युक्ती सेकंडहँड बाजारात सर्वांना माहीत आहे, म्हणून जुनी गाडी घेताना ती थंड इंजिनावरच सुरू करून ऐकावी.

खरेदी आणि बदल

सुटे ऑइल स्वस्त असते, पण पिंपात नेमके काय आहे हे विकणारा सोडून कोणालाच ठाऊक नसते. सीलबंद डबा घ्यावा, त्यावरचे उत्पादनाचे वर्ष आणि बॅच क्रमांक पाहावा, आणि रिकामा डबा घरी आणावा किंवा झाकण कापून टाकावे, कारण रिकाम्या डब्यांनाही बाजारात गिऱ्हाईक असते. छोट्या पेट्रोल गाडीला साधारण ३ ते ३.५ लिटर ऑइल लागते, मोठ्या डिझेल गाड्यांना ५ लिटरच्या वर. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्यावा आणि त्याप्रमाणे डबे मागावेत.

बदलताना इंजिन कोमट असावे. चटका बसेल इतके गरम नको आणि रात्रभर थंड झालेलेही नको. गाडी सपाट जागी उभी करून ड्रेन नट काढावा, धार थेंबांवर येईपर्यंत थांबावे, नटाचा वॉशर नवा घालावा आणि फिल्टर दर वेळी बदलावा. जुने थोडे ऑइल आत राहतेच. ग्रेड बदलताना त्याचा बाऊ करण्याचे आणि फ्लशिंगचे वेगळे पैसे देण्याचे कारण नाही. नवे ऑइल ठरल्यापेक्षा थोडे कमी भरून इंजिन मिनिटभर चालवावे, बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे आणि मग पट्टी पुसून पाहत पाहत पातळी वरच्या खुणेच्या जरा खाली आणावी. वरच्या खुणेच्या पुढे भरलेले ऑइल क्रँकशाफ्टने घुसळून फेसाळते, आणि फेस बेअरिंगचे संरक्षण करत नाही. प्रवासात पातळी खालच्या खुणेला टेकली आणि जवळच्या पंपावर आपला ग्रेड नसेल, तर मिळेल त्या चांगल्या ऑइलने खुणेपर्यंत भरावे. एपीआय मानकाची ऑइल एकमेकांत मिसळतात. अर्धा लिटर वेगळा ग्रेड मिसळल्याने होणारे नुकसान कोरड्या इंजिनाच्या नुकसानापुढे काहीच नाही.

निघालेले ऑइल गटारात ओतू नये किंवा घराच्या लाकडांना वाळवीसाठी लावू नये. त्यात जड धातू आणि जळणाचे घातक अवशेष असतात. वापरलेले ऑइल पुनर्प्रक्रियेसाठी घेणाऱ्याला देणाऱ्या गॅरेजकडे ते सोपवावे.

नंतर महिनाभर तीन खुणा पाहाव्यात. सकाळी चावी फिरवल्यावर ऑइलचा लाल दिवा किती वेळात विझतो, पहिल्या काही सेकंदांत टॅपेट वाजतात का, आणि पट्टीवरची पातळी किती हलते. बोनेटच्या आतल्या बाजूला एक कार्ड चिकटवून त्यावर तारीख, किलोमीटर, ग्रेड, मानक आणि किती लिटर भरले ते लिहून ठेवावे. पुढच्या एप्रिलमध्ये मेस्त्री डबा हातात घेऊन उभा राहिला, की त्याला तेच कार्ड दाखवावे.